नवीन टायर घ्यायच्या आधी जुना टायर नीट बघ, गाडी ठेवायची का विकायची ते मग ठरव

भावा, तुझं म्हणणं सगळं दोनदा वाचलं. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. गाडी २०१३ ची बोलेरो पिकअप, २ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. रोज राधानगरी रोडवरनं कोल्हापूरला भाजीपाला, सीझनला मार्केट यार्डात गूळ, आठवड्यातनं एखादी खेप गगनबावड्यावरनं खाली कोकणात. पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूनं खायला लागलेत, मागचा एक मे महिन्यात भर दुपारी हायवेला कागलच्या अलीकडं फुटला, आणि फुटला तेव्हा नक्षी निम्मी शिल्लक होती. तू विचारलंयस की चारी नवीन टाकू का रिमोल्ड (जुन्या टायरवर नवीन रबर) करून घेऊ, मागं स्प्रिंगचा एक पाटा वाढवू का, आणि मुळात १२ वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करण्यात अर्थ आहे का विकून टाकू.

माझी सव्वीस वर्षं ह्यातच गेली, पहिली अकरा स्वतः पिकअप चालवली आणि त्यानंतर शिरोलीला अलाइनमेंट नि सस्पेन्शनचं काम करतोय. माझं सरळ म्हणणं असं की आजच टायर घ्यायला पळू नकोस. ते जुने टायर तुझ्या गाडीचा सगळा रिपोर्ट घेऊन बसलेत, तो न वाचता नवीन टाकलेस तर सहा महिन्यांत तेही तसेच होणार.

फुटलेला टायर टाकून दिला नसशील तर आधी तो बघ. रिंगवरनं काढलेला टायर उन्हात धरून आतनं हात फिरव. बाजूच्या भिंतीला आतनं सगळीकडनं एक काळपट सुरकुत्यांची कड दिसायली असेल, नि हाताला रबराचा भुगा लागत असेल, अगदी पेन्सिलच्या रबरानं खोडल्यावर पडतो तसा, तर तो टायर कमी हवेवर पळून पळून मेलाय. खिळा, दगड हे निमित्त. हवा कमी नि लोड जास्त असला की प्रत्येक फेऱ्यात बाजूची भिंत दुमडते नि परत सरळ होते, त्यातनं उष्णता तयार होते, मे महिन्याचा रस्ता वरनं तापलेला, आणि आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात. नक्षी किती शिल्लक आहे ह्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. आपल्याकडं लोक टायर म्हणजे नक्षी समजतात, पण लोड पेलतो तो आतला सांगाडा नि त्यातली हवा.

मग त्या टायरचं वय बघ. बाजूला डीओटी लिहिलेलं असतंय, त्याच्या शेवटी चार आकडे. २२१७ असेल तर २०१७ सालच्या बाविसाव्या आठवड्यात, म्हणजे मे संपता संपता बनलेला टायर. पहिले दोन आठवडा, मागचे दोन वर्ष. दोन्ही बाजूंपैकी एकाच बाजूला पूर्ण नंबर असतो त्यामुळं कधीकधी गाडीखाली झोपून बघावं लागतंय, बघ पण. तू लिहिलंयस की मागची जोडी "कमी चाललेली" म्हणून जुनी विकत घेतली होतीस. भावा, कमी चाललेला टायर म्हणजे चांगला टायर असं नसतंय. रबरात भेगा पडू नयेत म्हणून जे मेण नि केमिकल घातलेलं असतंय ते टायर फिरत राहिला तरच पृष्ठभागावर येत राहतं, उभ्या गाडीचा टायर उन्हात नुसता वाळतो. बाजूच्या भिंतीवर, अक्षरांच्या आजूबाजूला बारीक केसासारख्या भेगा दिसल्या की समजायचं. टायर कंपन्या साधारण पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या नि काही झालं तरी दहा वर्षांपलीकडं वापरू नका म्हणतात. मी लोडच्या गाडीला सहा वर्षांच्या वर टायर ठेवू देत नाही, नक्षी कितीही असू दे. आणि ह्यात स्टेपनी पण आली. सगळ्यात म्हातारा टायर बहुतेक गाड्यांत स्टेपनीलाच असतो, नि तोच आपण रात्री घाटात घालतो.

आता पुढचे टायर. दोन्ही आतल्या कडेनं झिजायलेत म्हणजे चाकांची तोंडं पुढून बाहेरच्या बाजूला फाकलेली आहेत. आमच्या भाषेत टो आऊट. बाहेरच्या कडेनं खाल्ले असते तर उलटं. तुझ्याच हातानं खात्री करून घे, गाडी सपाट जागेवर लाव, स्टेअरिंग सरळ, नि पुढच्या टायरच्या नक्षीवर तळहात आडवा फिरव, आधी आतनं बाहेर, मग बाहेरनं आत. एका बाजूनं जाताना हात मऊ सरकेल नि परत येताना करवतीच्या दातावरनं हात फिरवल्यासारखं टोचेल. तसं लागलं की टायर सरळ न पळता रस्त्यावर आडवा घासत चाललाय हे नक्की. डोळ्याला दिसायच्या आधी दोन हजार किलोमीटर हाताला कळतंय हे, म्हणून मी गाडी आली की आधी हात लावतो, मशीन नंतर.

पण लगेच अलाइनमेंटला जाऊ नकोस, ही लोकांची सगळ्यात मोठी चूक. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. सांधेच ढिले असतील तर मशीनवर उभ्या गाडीत जुळवलेला कोन रस्त्यावर चाकं ओढली गेली की परत फाकतोय, पैसे पाण्यात. आधी ढिलेपणा शोध. पुढचं चाक जॅकवर उचल, खाली लाकडी ओंडका किंवा स्टँड दे, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नकोस. मग चाक वर नि खाली, घड्याळात बारा नि सहा वाजतात तिथं धरून हलव. खट्खट लागलं तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ) किंवा हबचं बेअरिंग, बॉल जॉइंटवाली गाडी असेल तर बॉल जॉइंट. दोघांतलं कुठलं हे ओळखायला पोराला ब्रेक दाबून धरायला सांग नि परत हलव. ब्रेक दाबल्यावर खट्खट गेली तर बेअरिंग ढिलं आहे, राहिली तर किंगपिन. मग चाक डावी-उजवीकडं, नऊ नि तीन वाजता धरून हलव, तिथं लागलं तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) नाहीतर स्टेअरिंग बॉक्स. अडीच लाखाच्या आसपास चाललेल्या गाडीत, तेही राधानगरी रोडवर रोज, टाय रॉड एंड नि किंगपिन बुश गेलेले नसतील तर मला नवल वाटेल. ते आधी बदलून घे, मग अलाइनमेंट, मग नवीन टायर. हा क्रम मोडायचा नाही.

त्यातच एक गोष्ट बघून घे जी फार कमी जण बघतात. मेजरिंग टेप घे, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत डावीकडचं अंतर नि उजवीकडचं अंतर मोज, स्टेअरिंग सरळ ठेवून. दोन्हीत एखाद्या बोटाएवढा फरक आला तर मागचा ॲक्सल तिरका बसलाय. पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटला किंवा यू बोल्ट ढिले झाले की असं होतं. अशी गाडी मागनं येणाऱ्याला तिरकी चाललेली दिसते, ड्रायव्हरला सीटवर बसून काही कळत नाही, फक्त चारी टायर वेडेवाकडे झिजत राहतात.

बाकीच्या झिजेचं पण सांगून ठेवतो, कामाला येईल. दोन्ही कडा झिजल्या नि मध्ये नक्षी राहिली तर हवा कमी, मध्येच टक्कल पडलं तर हवा जास्त (रिकामी गाडी फुल्ल हवेवर फिरवणाऱ्यांची मागची चाकं बघ), आणि ठिकठिकाणी खड्डे-खड्डे पडल्यासारखं झालं तर शॉकअब गेलेत नाहीतर बॅलन्सिंग नाही. टायरच्या नक्षीच्या खाचेत बारीक उंचवटे असतात, कडेला टीडब्ल्यूआय किंवा त्रिकोणाची खूण असते, नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, कायद्यानं तिथं टायर संपला. पण गगनबावड्याला पावसाळ्यात जाणाऱ्यानं तिथपर्यंत थांबू नये, ३ मिलिमीटरच्या खाली आला की करूळ घाटात उताराला ओल्या रस्त्यावर मागनं गाडी सरकलेली मी बघितलीय.

हवेचं बोलू, कारण खरं दुखणं तिथंच आहे. तू लिहिलंयस की पंक्चरवाला "अंदाजानं बरोबर भरतो". अंदाज नको, स्वतःचा मीटर घे, खिशात मावतो. हवा सकाळी गाडी थंड असताना बघायची, पंपापर्यंत दोन-तीन किलोमीटर चालली तर चालतंय, त्याच्यावर नको. दरवाज्याच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात रिकाम्या नि लोडच्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात, ते बघून भर, दुसऱ्याच्या गाडीचा आकडा तुझ्या गाडीला लावू नकोस. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा तो त्या टायरच्या पूर्ण लोडचा असतोय, रिकाम्या गाडीला तेवढी भरायची गरज नाही. आणि एक सवय मोड, दुपारी हायवेला हवा वाढलेली दिसली म्हणून सोडायची नाही. सकाळी ६० पीएसआय भरलेला टायर ४० अंशांनी तापला की १० च्या आसपास वाढणारच, कंपनीनं ते धरूनच आकडा दिलेला असतोय. तू ती गरम हवा सोडलीस की परत थंड झाल्यावर टायर कमी हवेवर, नि दुसऱ्या दिवशी लोड घेऊन तसाच निघालास, की मग आतनं तो भुगा. मला वाटतंय तुझा मेमधला टायर असाच गेलाय.

नायट्रोजनबद्दल पण बरेच जण विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. फुकट मिळाला तर भर, पण त्यासाठी पैसे नि वेळ घालवण्यापेक्षा आठवड्यातनं एकदा मीटर लाव. आणि टायर नवीन घेशील तेव्हा वॉल्व पण नवीन. साधा रबरी वॉल्व ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो, तुझ्या टायरला त्याच्या वर हवा लागत असेल तर जास्त प्रेशरचा वॉल्व मागून घे. ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चरला कंटाळून ट्यूब घालायचा उद्योग पण करू नको, ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर हवा हळूहळू जाते, ट्यूब घातली की एका झटक्यात बसते.

टायर कुठला घ्यायचा. कंपनीच्या नावावर मी भांडत बसणार नाही, आपल्या देशातल्या मोठ्या कंपन्यांचे टायर चांगले आहेत. साइझ नि लोडचा आकडा मात्र बघून घे. साइझच्या पुढं एक आकडा असतो, तो लोड इंडेक्स, त्याचा तक्ता असतो. १०० म्हणजे ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५, ११२ म्हणजे ११२०, १२१ म्हणजे १४५०. आता बघ, दुकानात त्याच १५ इंची रिंगला बसणारा जीपचा टायर स्वस्तात मिळतो, १०५ इंडेक्सचा. दोन टायर मिळून १८५० किलो पेलणार. तुझ्या मागच्या ॲक्सलवर गाडीचं स्वतःचं वजन नि माल धरून दोन टनांच्या वर जातंय. म्हणजे तो टायर गावातनं बाहेर पडल्यापासूनच त्याच्या ताकदीपलीकडं चाललाय. दिसायला रुंद, भारी दिसतो, म्हणून लोक टाकतात. कंपनीनं गाडीला जो लोडचा टायर दिलाय त्यापेक्षा कमी इंडेक्सचा, कमी प्लायचा (आतल्या थरांचा) टायर फुकट दिला तरी घेऊ नको.

नक्षीचं असं, पुढं सरळ रेघांची, मागं जाड ठोकळ्यांची. उसाच्या फडात, चिखलातनं माल काढणाऱ्याला मागं ठोकळेवाला पाहिजेच. पण तुझं काम जास्त डांबरी रस्त्याचं दिसतंय, ठोकळेवाला टायर हायवेला तापतो जास्त नि आवाज करतो, तू मागं ह्या दोन्हींच्या मधली नक्षी घे. एका ॲक्सलवर दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे नि सारखे झिजलेले पाहिजेत. एक नवीन एक जुना टाकला की दोघांचा घेर वेगळा, मग सरळ रस्त्यावर पण डिफरन्शिअलची (मागच्या ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा, त्यालाच आपण कोअरा म्हणतो) आतली गिअरं सतत फिरत राहतात, ती वळणापुरती बनवलेली आहेत. टायरात हजार वाचवून कोअर्‍याचं काम काढलेली माणसं माझ्याकडं येतात.

रिमोल्डबद्दल. ट्रकवाले करतात नि त्यांना ते परवडतं, कारण त्यांच्या टायरचा सांगाडा दणकट नि तपासून घेतलेला असतो. चांगल्या ठिकाणी केलेलं कोल्ड रिट्रेडिंग वाईट नाही. पण पिकअपच्या लहान टायरात नवीन नि रिमोल्डच्या खर्चातला फरक तेवढा राहत नाही, आणि तुझे सांगाडे तर कमी हवेवर पळालेले. त्याच्यावर रबर चढवणं म्हणजे कुजलेल्या वाशावर नवीन कौल. पुढच्या चाकाला तर कधीच नाही, कुठल्याच गाडीला. मागचा फुटला तर गाडी बसते, सांभाळता येते. पुढचा फुटला की स्टेअरिंग हातातनं ओढलं जातं.

हे मी ऐकून सांगत नाही. मी ड्रायव्हर होतो तेव्हा एकदा गुळाचे रवे भरून आंबा घाटानं रत्नागिरीला निघालो होतो. तीस-तीस किलोचे रवे म्हणजे ढेपा, गाडी पासिंग १७०० किलोची, हिशोबानं छप्पन्न बसायला पाहिजेत, भरले होते ऐंशी. मालक म्हणाला नेहमीच नेतोय. पुढच्या डाव्या चाकाला रबर चढवलेला टायर होता. मलकापूर सोडलं नि पुढं एका वळणावर आधी गाडीच्या खालनं फटाफट आवाज आला, ओल्या गोणपाटानं कुणी पत्र्यावर मारावं तसा, नि मी खिडकीतनं बघेपर्यंत टायरचं वरचं रबर पट्टा सुटल्यासारखं निघून मडगार्ड फाडून गेलं. गाडी डावीकडं ओढली, डावीकडं डोंगर होता म्हणून आज लिहितोय. उजवीकडं ओढली असती तर दरी होती. क्लीनर पोरगं माझ्या शेजारी बसलेलं, सतरा-अठरा वर्षांचं, त्याचा हात डॅशबोर्डला गच्च धरलेला, सुटेना, मी एक-एक बोट सोडवलं. त्यानंतर मी पुढच्या चाकाच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही.

आता पाटा. तू म्हणतोस मागनं गाडी बसायली आहे म्हणून एक पाटा वाढवायचाय. बघ, तुझ्या गाडीला मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असेल, त्याचा दांडा किंवा स्प्रिंग ॲक्सलला जोडलेली. एलएसपीव्ही म्हणतात. लोड पडला, गाडी मागनं खाली बसली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो, रिकामी असली की कमी, नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं ब्रेक मारल्यावर जाम होऊन गाडी फिरेल. तू पाटा वाढवलास की गाडी लोडात पण खाली बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. म्हणजे दोन टन माल घेऊन तू घाट उतरायलायस नि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीएवढेच लागायलेत, सगळा भार पुढच्या ब्रेकवर, ते तापतात नि मग पेडल खाली जातं. पाटा वाढवणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हे माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर वाढवून देणाऱ्यालाही नसतं. गाडी बसायली आहे कारण पाटे थकलेत. ते उतरवून कमान परत काढून घे किंवा तुटलेला बदल, शॅकलचे बुश नि यू बोल्ट नवीन टाक, उंची मूळची येईल, व्हॉल्व्ह पण बरोबर काम करेल.

ब्रेकचा विषय निघालाय तर ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंस ते आठव. बहुतेकांना आठवत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, नि आपल्याकडं गगनबावड्याच्या बाजूला चार महिने काय पाऊस असतो ते तुला सांगायला नको. डीओटी ३ ह्या ग्रेडचं नवीन ऑइल २०५ अंशाला उकळतं, ओलावा ओढलेलं १४० ला. घाटात ब्रेक तापले की ते उकळतं, पाइपात वाफ होते नि पेडल कापसासारखं लागतं. दर दोन वर्षांनी बदल, मोठा खर्च नाही. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतर, डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही, इंजिन बंद करून तर अजिबात नाही, ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबण्यात संपतो नि मग पेडल दगड होतं.

राहिला मोठा प्रश्न, ठेवू का विकू. लोक इंजिन बघून ठरवतात. माझ्या मते उलटं आहे. इंजिनचं सगळं काम कोल्हापुरात होतं, उद्यमनगर कशाला आहे, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, सगळं एका गल्लीत मिळतं, आणि तुझं २५२३ सीसीचं इंजिन माहीत नसलेला मिस्त्री इथं सापडायचा नाही. जुन्या गाडीचं आयुष्य चेसिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर आहे. हौदा नि चेसिसच्या मध्ये जे लाकडी पॅकिंग असतं ना, ते पाणी धरून ठेवतं, त्याच्या खाली बघ. मागच्या पाट्यांचे हँगर जिथं चेसिसला रिव्हेट केलेत तिथं बघ. लहान हातोडी घे नि चेसिसवर ठोकत जा. टण् असा आवाज येत गेला तर पत्रा जिवंत आहे. मध्येच आवाज बद्द झाला, किंवा हातोडीखाली पापुद्रा सुटला, तर तिथं आतनं गंज खाल्लाय. हँगरजवळ असं असलं तर वेल्डिंगची पट्टी मारून गाडी चालवू नको, विक, आणि घेणाऱ्याला सांगून विक.

तू कोकणातनं येताना मासळी आणतोस का ते लिहिलं नाहीस. आणत असशील तर बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटीतनं थेट चेसिसवर गळतं, त्याच्यासारखा शत्रू नाही. रासायनिक खताच्या गोण्यांचं पण तेच. प्रत्येक खेपेनंतर खालनं गोड्या पाण्याचा फवारा मारायचा, वरचं धुऊन उपयोग नाही. आणि पावसाळ्याआधी चेसिसला खालनं रंग किंवा अँटी रस्ट.

गाडी कधी पुराच्या पाण्यात उभी होती का? २०१९ ला नि परत २०२१ ला पंचगंगेनं शिरोलीजवळ हायवे बंद पाडला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात होत्या, नि कितीतरी जणांनी ॲक्सलभर पाण्यातनं गाड्या काढल्या. कोअर्‍यावर एक छोटी हवेची नळी असते, ब्रीदर. कोअरा गरम असताना थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते नि नळीतनं पाणी आत ओढलं जातं. इंजिन चालू, गाडी चालू, माणूस खुश. त्या पुरांनंतर मी त्याचा नट खोलला की काळं ऑइल यायच्या ऐवजी दुधाच्या चहासारखं पांढुरकं यायचं, एकामागनं एक गाडी. ते तसंच चालवलेल्या गाड्यांची बेअरिंगं वर्ष-दोन वर्षांनी ओरडायला लागली. तू कोअर्‍याचा लेव्हलचा नट खोल नि बोट घालून बघ, पाच मिनिटांचं काम आहे. हबमधलं ग्रीस पण बघून घे.

इंजिनचं मी थोडक्यात सांगतो. गरम इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढ, थोडी वाफ चालते, भकाभक धूर नि ऑइलचे शिंतोडे यायला लागले तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल पुरं जळत नाही, आधी एअर फिल्टर नि इंजेक्टर बघ. थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू कर, बुडबुडे सतत येत असतील तर हेड गॅस्केट. ह्यातलं काहीही असलं तरी खर्च काढता येतो, घाबरू नको.

कागदपत्रांचं लक्षात ठेव, आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, ते तू करतच असशील. पंधरा वर्षं ओलांडली की फिटनेसची फी बरीच चढते, आत्ताचा आकडा आरटीओत विचारून घे. तुझ्या गाडीचं ते वर्ष २०२८. म्हणजे चेसिस चांगली निघाली तर २०२८ पर्यंत ही गाडी तुला कमवून देईल, त्या हिशोबानं टायर घे. चारी एकदम परवडत नसतील तर पुढची जोडी आधी, कारण तुझे पुढचे आत्ताच संपलेत. पण मागच्या जोडीतल्या राहिलेल्या जुन्या टायरवर लोड घेऊन घाटात जाऊ नकोस, मागची जोडी येईपर्यंत गावातल्या गावात नि निम्म्या मालावर चालव.

आणि तो स्टेपनीचा साखळीचा जॅक खाली उतरवून बघ, तुझ्या गाडीच्या वयाला तो बहुतेक गंजून बसलेला असतो, नि हे भर पावसात घाटात कळतं. दर तीन महिन्यांनी उतरवून ग्रीस लावायचं. नवीन टायर बसवले की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट परत एकदा पान्यानं आवळ, पहिल्यांदा आवळलेले थोडे बसतात.

पाट्याचं काम काढायच्या आधी एक कर. नेहमीचा माल भरून वजनकाट्यावर जा, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन कर, मग फक्त मागची, मग पूर्ण गाडी. तिन्ही आकडे, टायरवरचे डीओटीचे चार आकडे आणि हातोडीनं चेसिसवर कुठं बद्द आवाज आला ते मला कळव, मग कुठला टायर नि किती हवा ते तुझ्या गाडीपुरतं नेमकं सांगतो.